उतारा नीट वाच

पेढ्यांचा पुडा फडताळावर ठेव. फोन मात्र हातातच राहू दे, तो आता लागणार आहे. आणि बसू नकोस. सातवीत उभा राहायचास तसा खिडकीशी उभा राहा. छत्रीचं पाणी गळतंय ते गळू दे.

मघाशी काय म्हणालास ते पुन्हा म्हण. नाही म्हणत? मग मी म्हणते. “बाई, आता सगळं ऑनलाइन झालंय, पूर्वीसारखं कुणाला फसवता येत नाही.” गुरुपौर्णिमेला पाया पडायला आलास आणि उठता उठता हे वाक्य टाकलंस. पवन मावळात, धरणाच्या अलीकडे, शनिवार-रविवारच्या घरासाठी दोन गुंठे घेतलेस. पैसे देऊन झाले, खरेदीखत झालं, सातबाऱ्यावर नाव चढलं, आणि सगळं उरकल्यावर माझ्या नाकासमोर फोन धरून म्हणतोस, “बघा ना बाई, नाव आलंय.” लग्न लागल्यावर पत्रिका जुळवायला आणावी, तशातली गत.

चौतीस वर्षं मी या तालुक्यात मराठी शिकवलं. पेपरात पहिला प्रश्न कोणता असायचा? उतारा वाचून खालील प्रश्नांची उत्तरे लिहा. तुझी खोड मला पाठ आहे. तू उतारा वाचायचासच नाही. आधी प्रश्न बघायचास, त्यातला एखादा शब्द उताऱ्यात हुडकायचास आणि तो सापडेल ती ओळ जशीच्या तशी उतरवून मोकळा व्हायचास. दहापैकी चार मिळायचे, त्यातला एक माझ्या दयेचा. आज सातबाऱ्याचं तू तेच केलंस. स्वतःचं नाव हुडकलंस, सापडलं, वाचन संपलं. त्या कागदालाही उताराच म्हणतात रे.

वाच आता, मोठ्यानं. वरपासून.

थांब. सुरुवातीलाच थांब. हा कुठला सातबारा उघडलास? फुकट बघायचा. हा केवळ माहितीसाठी आहे, कायदेशीर कामाला चालणार नाही, असं त्यावरच लिहिलेलं असतं. डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत मिळतो. त्यावर क्यूआर कोड असतो, पडताळणीचा क्रमांक असतो. १ मे २०१८ पासून ही सोय आहे. तू लाखांनी पैसे मोजलेस आणि पंधरा रुपये राखलेस. व्यवहाराआधी तर हाही उघडला नव्हतास. एजंटनं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, तोच पाहिलास. त्या फोटोवर तारीख कोणती होती? आठवत नाही. निबंधाच्या डोक्यावर तारीख घातली नाही म्हणून अर्धा मार्क कापायची मी, तेव्हा घरी जाऊन रडला होतास.

पुढे वाच. गट नंबर, बरोबर. क्षेत्र? शून्य पूर्णांक वीस. हेक्टर-आरमध्ये लिहिलंय, म्हणजे साधारण वीस गुंठे. आणि नावं? मोजून दहा. दहाही नावांना मिळून एक कंस, आणि पुढे शब्द आहे, “सामाईक”. या शब्दाचा अर्थ सांग. मी चौथीच्या पोरांनाही हा शब्द विचारायची.

आता त्या पडद्यावर बोट ठेवून दाखव, तुझे दोन गुंठे कुठे आहेत?

दाखवता येणार नाहीत, कारण ते तिथे नाहीतच. एजंटच्या रंगीत नकाशात आहेत. तिथे प्लॉट नंबर सात आहे, वीस फुटी रस्ता आहे, कोपऱ्यावर हिरव्या शाईतला गुलमोहर आहे. सातबाऱ्यातला सात हा गाव नमुन्याचा आकडा आहे, तुझ्या प्लॉटचा नव्हे. दहा अनोळखी माणसांनी एकत्र येऊन वीस गुंठ्यांचं एकच खरेदीखत का केलंत, हे विचारलंस कुणाला? तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे. २०२३ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीसाठी वीस आणि बागायतीसाठी दहा गुंठे हे किमान क्षेत्र ठरलं. दोन गुंठ्यांचं खत नोंदवलं जाणार नाही, म्हणून दहा डोकी एका दोरीनं बांधली. आता त्यातल्या प्रत्येकाला वाटतंय की कोपऱ्यावरचा गुलमोहर आपलाच. या कायद्यात सवलती येतात, २०२५ मध्येही आल्या. पण सवलतीनं खत कदाचित वाचेल, तुझी जागा कोणती ते ती सांगणार नाही. ते सांगते मोजणी. भूमी अभिलेख खात्याची मोजणी, तिची क प्रत, आणि त्याआधी मंजूर रेखांकन. त्या भागात पीएमआरडीएनं रेखांकन मंजूर केलं होतं का? “एजंट म्हणाला प्रोसेसमध्ये आहे.” भाषेचा कसला सुंदर उपयोग. प्रोसेसमध्ये तर मीही आहे, वर जायच्या.

आणि ते दहा जण, सगळे शेतकरी आहेत? तू आहेस, ठाऊक आहे मला. तुझ्या आजोबांच्या खाचरातला भात मी खाल्लाय. बाकीचे नऊ? कूळ कायद्याच्या कलम ६३ नं बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. एकाच्या दाखल्यात खोट निघाली तरी चौकशी होणार ती याच खताची, ज्यावर तुझी सही आहे.

जागेवर जाऊन आलास का? एकदा. मे महिन्यात. एजंटच्या गाडीतून, काच वर करून. अरे, तू मावळातला ना? मे महिन्यात कधी जमीन बघतात का मावळात? मे महिन्यात चुन्याच्या रेषा दिसतात त्याच खाचरात आषाढात गुडघाभर पाणी असतं. आज जाऊन बघ, तुझा वीस फुटी रस्ता ओढ्यानं नेलेला असेल. आणि तो नमुना बारा का गाळलास? पुन्हा खाली जा. पीक पाहणी. गेल्या खरिपात काय लिहिलंय? भात. तू लावला होतास? एजंटनं? मग कुणीतरी लावला, कापला आणि फोनवरून ई-पीक पाहणीत नोंदवलाही. त्या कुणीतरीला जाऊन भेटलास? तुझ्या दोन गुंठ्यांत माणूस उभा आहे हे तुझ्याच फोनमध्ये लिहिलंय, आणि तू मला नाव आल्याचे पेढे देतोस.

आता इतर हक्कांचा रकाना. हा रकाना म्हणजे धड्याखालच्या टीपा. तू कधीच वाचल्या नाहीस, “परीक्षेत येत नाहीत” म्हणायचास. मावळात सगळी परीक्षा तिथेच असते. सोसायटीचा बोजा तिथे. कूळ कायद्याच्या कलम ४३ चा शेरा तिथे. भोगवटादार वर्ग दोन असेल तर सरकारची परवानगी लागते, ती अट तिथे. लोणावळ्याच्या डोंगरउतारांवर वनाचा शेरा, धरणांच्या लाभक्षेत्रात पुनर्वसनासाठी राखीव असल्याचा शेरा. एकेका शेऱ्यापायी लोक पंधरा-पंधरा वर्षं कचेऱ्यांचे जिने चढलेत. तुझ्या उताऱ्यात त्यातलं काही नाही, नशीब तुझं. पण तळाशी आकड्यांची एक रांग आहे. ती काय आहे?

“जुने फेरफार, बाई.” बरोबर. शेवटी एक उत्तर आलं. किती आहेत? अकरा. किती उघडलेस? एकही नाही.

सातबारा ही गोष्टीची शेवटची ओळ असते रे. गोष्ट फेरफारांत असते, गाव नमुना सहामध्ये. कोण वारलं, कुणी विकलं, कुणी कुणाला बक्षीस दिलं, कुठल्या कोर्टाचा हुकूम आला. जुने हस्तलिखित फेरफार स्कॅन केलेत, नाहीतर वडगावला अभिलेख कक्षात मिळतात. फार मागे गेलास तर मोडी लिपी लागेल, ती वाचणारे अजून आहेत. पुढचं पाठ, मागचं सपाट, हे तुझ्याबद्दल मी प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं. तुझ्या वडिलांनी खाली सही केली होती.

दे इकडे फोन. चष्मा दे. हा बघ, शेवटून तिसरा. मूळ मालक मयत, वारस पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. सहा नावं. आणि हा त्याच्या पुढचा. “वर्दीवरून” तीन मुलींची नावं कमी. वर्दी म्हणजे साधा अर्ज. नोंदणीकृत हक्कसोडपत्राचा क्रमांक दिसतो का तुला? मलाही दिसत नाही. आणि त्यानंतर लगेच तुझं खरेदीखत, लिहून देणार दोन भाऊ आणि आई. तीन बहिणी गेल्या कुठे? १९५६ च्या वारसा कायद्यापासून मुलगी बापाची वारस आहे. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत ती जन्मापासून भावाच्या बरोबरीची झाली. दुरुस्तीच्या वेळी बाप हयात असो वा नसो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं. त्या तिघींपैकी एक जरी उद्या वडगावच्या न्यायालयात उभी राहिली, तर तुझा गुलमोहर तिच्या वाटपाच्या दाव्यात बांधला जाईल. भात लावणारा माणूसही बहुधा तिचाच निघेल. हे सगळं तुझ्या फोनमध्ये होतं. कुणी लपवलं नाही. खोटं कुणी लिहिलं नाही. फसवलं कुणी तुला? तू वाचलं नाहीस.

“पण बाई, रजिस्ट्रारनं नोंदवलं ना. काही चुकीचं असतं तर कॉम्प्युटरनं घेतलंच नसतं.”

हे वाक्य वहीत शंभर वेळा लिहून घ्यावं असं वाटतंय. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. सही करणारा तोच माणूस आहे का, मुद्रांक पुरा आहे का, साक्षीदार आलेत का, हे बघतो. विकणाऱ्याची मालकी खरी की खोटी, हे तपासणं त्याचं काम नाही. २०२५ मध्ये तमिळनाडूतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्टच सांगितलं. निबंधकाकडून दस्ताची सूचना तहसिलात जाते, फेरफार तयार होतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, पंधरा दिवस हरकतीची वाट बघतात, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हरकत आली नाही याचा अर्थ हरकत नव्हती असा होतो का? तुमच्या वर्गाला “समजलं का?” विचारलं की सगळे गप्प. म्हणजे सगळ्यांना समजलेलं असायचं?

आणि नोंद प्रमाणित झाली तरी ती काय होते? महसूल संहितेचं कलम १५७ बघ. नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी असल्याचं गृहीत धरलं जातं. “गृहीत धरलं जातं.” क्रियापदाकडे लक्ष दे, मी हाडाची व्याकरणाची बाई आहे. “खरी असते” असं म्हटलेलं नाही. शेजारच्या वर्गात भूमितीचे सर पक्ष, साध्य, सिद्धता अशा तीन ओळी लिहून घ्यायचे. सातबारा हा पक्ष. सिद्धता दिवाणी न्यायालयात. फेरफाराच्या नोंदीनं मालकी मिळत नाही, ती सारावसुलीपुरती असते, असं सर्वोच्च न्यायालय १९९० च्या दशकापासून आजवर पुन्हा पुन्हा सांगतंय, आणि तुम्ही दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं तोंड करता.

सारावसुलीपुरती, हे उगीच नाही. हा कागद जन्मला कशासाठी? आपल्याच जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात, १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रजांनी शेतं मोजून सारा बांधायला सुरुवात केली. शेत कसतो कोण आणि पैसे भरणार कोण, एवढंच त्यांना हवं होतं. हक्कनोंदणीचा कायदा आला १९०३ मध्ये, त्यालाही कारण महसुलाचंच. मालकीची हमी सरकारनं स्वतः द्यावी ही कल्पना दुसरीकडची. १८५८ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात टॉरेन्स नावाच्या माणसानं तसा कायदा करवला. तिथे सरकारी नोंद हीच मालकी, आणि सरकारच्या चुकीनं कुणी बुडाला तर भरपाईची सोय. आपल्याकडे तसं करावं म्हणून १९८९ मध्ये केंद्राला सविस्तर अहवाल दिला तो पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या डी. सी. वाधवांनी. वटहुकूम पुन्हा पुन्हा काढण्यावरून बिहार सरकारला सर्वोच्च न्यायालयात खेचणारे तेच हे वाधवा. अहवालाला साडेतीन दशकं झाली. आंध्रानं २०२२ मध्ये मालकी-हमीचा कायदा केला आणि २०२४ मध्ये सरकार बदलताच रद्दही केला. महाराष्ट्रात तू ज्याला मालकीचा दाखला समजतोस, तो अजून इंदापूरच्या त्या वहीचाच नातू आहे. फक्त आता त्याला क्यूआर कोड आहे.

आता म्हणशील, बाईंना नव्याचं वावडं आहे. नाही रे. मी जुनं पाहिलंय. तलाठी सज्जावर नाही, तलाठी मोजणीला गेलाय, तलाठ्याची बदली झाली आणि दप्तर अजून आलं नाही, अशी वाक्यं ऐकत आंदर मावळातल्या बाया टाकव्यापर्यंत पायी यायच्या, एका उताऱ्यासाठी, कडेवर पोर घेऊन. दप्तराचं पान कोण उघडणार आणि कोण नाही, हे एका माणसाच्या मर्जीवर होतं. ते गेलं हे चांगलंच झालं. चावडी आता प्रत्येकाच्या खिशात आहे. “आपली चावडी” म्हणून एक पानच आहे, तिथे गावातले चालू फेरफार, हरकतीची मुदत, सगळं दिसतं. संगणकीकरणानंतरचे नोंदवलेले दस्त मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. २०१३ पासून बँकेकडे मालकीचे कागद ठेवून कर्ज घेतलं तर त्याचीही नोटीस दाखल करावी लागते. वाचणाऱ्याला एवढं उघडं पुस्तक मावळात कधीच मिळालं नव्हतं.

पण ते वाचतं कोण, सांगू? तुझा एजंट वाचतो. तुला वाटतं तो गाडी फिरवतो आणि चहा पाजतो. तो रात्री बसून आठ-अचे खातेउतारे काढतो. कुठल्या गटात नावं फार आहेत, कुठल्या खात्यावर मयताचं नाव अजून आहे, कुठला सहहिस्सेदार मुंबईला, कुणाच्या डोक्यावर बोजा. त्यातला सर्वांत गरजू किंवा सर्वांत दूरचा माणूस निवडतो आणि त्याचा अविभक्त हिस्सा घेतो. एकदा आत पाय ठेवला की बाकीचे आपोआप विकायला येतात. तोही माझाच विद्यार्थी असेल कदाचित. असेल तर उताऱ्याच्या प्रश्नाला त्याला पैकीच्या पैकी पडले असणार, बाकी वर्तनाचा रकाना वेगळा.

माझंही सांगते, नाहीतर म्हणशील बाई स्वतः सोवळ्या. हाती लिहिलेले सातबारे संगणकात भरले तेव्हा गावोगाव चावडी वाचन ठेवलं होतं. या, ऐका, आपापली नोंद तपासा, चूक असेल तर सांगा. माझ्या माहेरून मला आलेल्या एका तुकड्याची नोंद त्यात होती. मी गेले नाही. वार्षिक परीक्षेचे गठ्ठे होते, तुमच्याच अक्षरातले. तीन वर्षांनी उतारा काढला तर चाळीस आरचे चार आर झालेले. एक शून्य इकडचं तिकडे. छत्तीस गुंठे कागदावरून गेले आणि मराठीच्या बाईला पत्ता नाही, कारण ती दुसऱ्यांच्या शुद्धलेखनाच्या चुका काढत बसली होती. कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज केला, जुन्या हस्तलिखित उताऱ्याच्या नकला जोडल्या, दोन पावसाळे हेलपाटे घातले. टंकणाऱ्यानं चूक केली, ती त्याची. तीन वर्षं वाचलं नाही, ती माझी.

म्हणून आता तुझ्या घराकडे वळते. तोंड वर कर.

तुझ्या आजोबांना जाऊन किती वर्षं झाली? अकरा. आंदर मावळातल्या तुमच्या सातबाऱ्यावर आज नाव कुणाचं? आजोबांचंच. म्हणजे मघाचा तो एजंट रात्री शोधतो ना, तसलंच खातं. २०२५ मध्ये सरकारनं “जिवंत सातबारा” मोहीम काढली, गावोगाव फिरून मयतांची नावं काढून वारसांची लावायला. तुझ्या चुलत्यानं कागद गोळा केले तेव्हा तुला फोन केला होता, हे मला त्याच्याकडूनच कळलं. तू काय म्हणालास? “मीटिंगमध्ये आहे, तुम्ही बघा काय ते.” उंटावरून शेळ्या हाकणारेही निदान शेळ्यांकडे बघत असतात. आणि वंशावळ कुणी लिहिली, त्यात दोन्ही आत्यांची नावं घातली का, हे विचारलंस? नाही. तुझ्या मनात पाप नव्हतं, मान्य आहे. त्या वर्दीवरून तीन बहिणी पुसणाऱ्या दोन भावांच्या मनातही नसेल. “त्यांना काय करायचंय जमिनीचं, दिल्या घरी सुखी आहेत” एवढंच असेल. तिकडे तू दुसऱ्यांच्या बहिणींचा हिस्सा विकत घेतलास, इकडे स्वतःच्या आत्यांचा विसरलास, आणि दोन्हीकडे म्हणतोस, ऑनलाइन आहे.

गावठाणातल्या घराचंही तसंच. ड्रोननं गावठाणं मोजायची योजना. पुरंदरच्या सोनोरीत आधी करून पाहिली आणि २०२० मध्ये स्वामित्व नावानं देशभर नेली. ड्रोनला काय दिसतं? ज्यानं चुन्याची रेघ मारली, ती रेघ. त्या दिवशी तुमच्या बंद घरापुढे चुना घेऊन कोण उभं होतं? शेजारी. चांगला माणूस आहे, पण त्याच्या हाती चुना आणि तुमच्या दाराला कुलूप. आता चौकशीच्या कागदात काय आलं ते तरी बघितलंस? बांध कोरणारा एकदम कोरत नाही, दर नांगरणीला वीतभर कोरतो. उघडपणे, अखंड, मालक म्हणून बारा वर्षं कुणी वहिवाटलं तर कायदा मूळ मालकालाच विचारतो, इतके दिवस होतास कुठे? त्यावर “वाकडला होतो” हे उत्तर नाही.

आणि तो तुझा मुंबईचा मित्र, तुंगार्लीकडे बंगला घेतोय म्हणालास. काय बघितलं त्यानं? घरपट्टीची पावती आणि विजेचं बिल. त्याला सांग, घरपट्टी अनधिकृत बांधकामालाही लागते. लोणावळ्यात नगर भूमापन आहे, तिथे सातबारा नव्हे, मिळकत पत्रिका बघायची, तिच्यातला सत्ताप्रकाराचा रकाना बघायचा, जमीन मालकीची की भाडेपट्ट्याची ते. साठेखत आणि कुलमुखत्यारपत्रावर देतो म्हणाला तर तिथूनच उलट्या पावली फिरायचं. अशा कागदांनी मालकी जात नाही हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच सांगितलंय. त्याला एवढं पुरे, तो माझा विद्यार्थी नाही.

तू मात्र आहेस. आणि तू मघाशी “इन्व्हेस्टमेंट” म्हणालास, तो शब्द माझ्या कानात अजून खुपतोय. ९ ऑगस्ट २०११ ला बऊरला द्रुतगती मार्गावर पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्ध लोक उतरले. गोळीबार झाला, तिघं गेले, त्यात एक बाई होती. त्या आठवड्यात वर्गात कुणी बोलत नव्हतं. तू तेव्हा कॉलेजात असशील. ज्या तालुक्यात हे घडलं, तिथे तू मोबाइलवर नाव बघून जमीन घेतोस, आणि जमिनीवर उभ्या माणसाला विचारत नाहीस की बाबा तू कोण.

रडू नकोस. मिशीवाल्या माणसाचं रडणं बघवत नाही. वही आहे? नसेल. फोनवर लिहून घे, निदान त्याचा काही उपयोग होऊ दे.

अकराच्या अकरा फेरफारांच्या नकला काढ. ज्यावर मुलींची नावं कमी झाली त्याच्यासोबतचे कागदही माग, अर्ज कुणी दिला, सह्या कुणाच्या. मग वकील गाठ, जमिनीच्या कामाचा, एजंटनं सुचवलेला नव्हे. त्याच्याकडून तीस वर्षांचा शोध करून घे. उलट क्रमानं केलंस म्हणून करू नये असं नाही. त्या तीन बहिणींना भेटायला तू स्वतः जा, वकिलाला पाठवू नकोस. त्यांच्या मनात काय आहे ते दाव्याच्या नोटिशीत वाचण्यापेक्षा त्यांच्या ओसरीवर ऐकलेलं बरं. राजी असतील तर योग्य मोबदला देऊन नोंदणीकृत मान्यता घे. नसतील तर तुझे पैसे कुणाकडून परत मागायचे ते वकील सांगेल. बाकीच्या नऊ जणांना हे सगळं सांगायचं काम तुझंच. तेही कुठेतरी पेढे वाटत असतील.

आणि तुझ्या घरच्या वारस नोंदीचा फेरफार अजून प्रमाणित झालेला नाही. मी सकाळी बघितला. हो, मी बघते. तुझ्या गावची चावडी मी दर सोमवारी उघडते, माझ्या चार-पाच गावांची मिळून. त्यात तुझ्या वडिलांचं नाव आहे, चुलत्याचं आहे, आजीचं आहे. आत्यांची नाहीत. हरकतीचे सहा दिवस राहिलेत.

तुझी धाकटी आत्या माझ्या पहिल्या तुकडीत होती. उताऱ्याच्या प्रश्नाला तिला दहापैकी दहा. तिच्या उत्तरपत्रिका मी पुढच्या वर्गांना वाचून दाखवायची, तुमच्याही वर्गाला दाखवल्यात, तू खिडकीबाहेर बघत होतास. दहावीला तिला बसू दिलं नाही, भाताच्या कापणीत लग्न लावलं. नाणे मावळात असते, कामशेतच्या पुढे. आजच जा. हरकतीचा अर्ज तिच्याकडून लिहून घे. तिचं अक्षर अजून चांगलं असेल.

तो पुडा फडताळावरून काढ. पेढे तिच्याकडे ने. आणि जाताना माझी छत्री ने, तुझी मोडलीय.